ग्रीसची बेटं बोटीने पाहताना

ग्रीसच्या बेटांची सहल ठरवताना आपल्याकडे बहुतेक जण आधी विमानाची तिकिटं काढतात, मग हॉटेलं, आणि बोटीचं सगळ्यात शेवटी पाहू म्हणतात. सहा दिवसांत चार बेटं, सकाळी सँटोरिनीहून बोट आणि त्याच रात्री अथेन्सहून मुंबईकडे विमान, असा बेत कागदावर सुरेख दिसतो. एजियन समुद्रात वारा सुटला की तो सगळाच्या सगळा कोलमडतो. म्हणून माझं सांगणं उलटं आहे. आधी बोटी ठरवा, त्यांच्याभोवती बाकीची सहल बसवा, आणि समुद्राने एखादा दिवस मागितला तर तो देता येईल एवढी सवड हाताशी ठेवा.

एवढी काळजी घेतली, तर बोटीचा प्रवास हाच सहलीतला सगळ्यात मोकळा वेळ ठरतो. तासन्‌तास डेकवर बसायचं, एकेक बेट जवळ येताना पाहायचं, हे विमानात मिळत नाही. मुंबईकरांना अशा बोटींची थोडी ओळखही आहे. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मोटारींसकट जाणारी रो-रो बोट ग्रीसमध्येच बांधलेली आहे. मार्च २०२० मध्ये ती सेवा सुरू झाली. मात्र तो प्रवास तासाभराचा. अथेन्सच्या पिरेयस बंदरापासून सँटोरिनीपर्यंतचा प्रवास मोठ्या बोटीने साडेसात-आठ तासांचा असतो, आणि तयारीही त्याच मापाने करावी लागते.

बेटं निवडण्याआधी बोटींचे मार्ग पाहा

फोटो पाहून बेटांची यादी करू नका. ग्रीसची बेटं एका जागी नाहीत. सँटोरिनी, मिकोनोस, पारोस, नॅक्सोस ही सायक्लेडीज समूहातली बेटं अथेन्सच्या आग्नेयेला एजियन समुद्रात आहेत. कॉर्फू, केफालोनिया, झाकिन्थोस ही पश्चिमेला आयोनियन समुद्रात. तिकडच्या बोटी इगूमेनित्सा, पात्रा, किलिनी अशा पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून सुटतात. रोड्स आणि कोस थेट तुर्कीच्या किनाऱ्यालगत. मिकोनोस आणि कॉर्फू एकाच सहलीत हवं असेल, तर मध्ये अथेन्सला येऊन विमान पकडावं लागेल.

सायक्लेडीजमध्येसुद्धा बोटी ठरलेल्या मार्गांनी धावतात. एक मुख्य मार्ग पिरेयसहून पारोस, नॅक्सोस करत सँटोरिनीला जातो. दुसरा पश्चिमेकडचा : किथ्नोस, सेरिफोस, सिफ्नोस, मिलोस. तिसरा रफिना बंदरातून अँद्रोस, तिनोस करत मिकोनोसला. एका मार्गावरची बेटं निवडलीत तर रोज एक-दोन बोटी सहज मिळतात. एका मार्गावरून दुसऱ्यावर आडवं जायचं म्हटलं, की बोटी मोजक्या आणि त्याही बऱ्याचदा फक्त उन्हाळ्यात.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी पारोस-नॅक्सोस-सँटोरिनी हा मार्ग सगळ्यात सोयीचा. पारोस आणि नॅक्सोस ही या भागातली जंक्शनं. एकमेकांपासून तासाभराच्या आत, आणि आजूबाजूच्या बहुतेक बेटांकडे इथून बोटी जातात. नॅक्सोसला स्वतःची शेती आहे, बटाटे आणि चीज प्रसिद्ध आहेत. राहणं-खाणं सँटोरिनीपेक्षा पुष्कळ स्वस्त. कुटुंबाने तीन-चार दिवस तळ ठोकावा असं ते बेट आहे.

दोन साधे नियम पाळा. आठवडा असेल तर दोन बेटं, दहा दिवस असतील तर फार तर तीन. कारण बेट बदलायचा दिवस निम्मा तरी खर्ची पडतोच : सामान भरणं, हॉटेल सोडणं, बंदरावर जाऊन थांबणं, बोट, उतरल्यावर पुन्हा नवी खोली. आणि दूरचं बेट आधी करा. सँटोरिनीला सुरुवातीलाच जा, मग नॅक्सोस किंवा पारोस करत अथेन्सच्या दिशेने मागे या. परतीचं विमान जसजसं जवळ येतं, तसतसे तुम्हीही अथेन्सच्या जवळ सरकत असता. वाऱ्याने एखादी बोट रद्द झाली, तरी पारोसहून पिरेयसला जाणाऱ्या बोटींचे पर्याय सँटोरिनीपेक्षा जास्त असतात, आणि अंतरही चार-साडेचार तासांचंच उरतं.

महिना कोणता?

आपल्या शाळांची उन्हाळी सुट्टी इथे नेमकी उपयोगी पडते. मे महिना आणि जूनचा पहिला पंधरवडा हा बोटीच्या प्रवासासाठी उत्तम काळ. ऊन सुसह्य, बोटी पुरेशा, गर्दी बेताची, आणि वारा तुलनेने शांत. समुद्राचं पाणी तेव्हा गारच असतं. पोहण्याचा हट्ट असेल तर सप्टेंबर चांगला.

जुलै-ऑगस्टमध्ये एजियनवर उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा कोरडा वारा वाहतो. आकाश निळंभोर, ढगाचा पत्ता नाही, आणि तरीही समुद्र खवळलेला असतो. आपल्याला वारा-पाऊस एकत्र पाहायची सवय, त्यामुळे अशा लख्ख उन्हात बोट रद्द झाली यावर विश्वास बसत नाही. हा वारा कधी एका दिवसात पडतो, कधी चार-पाच दिवस चालू राहतो.

१५ ऑगस्टचा सुमार शक्यतो टाळा. त्या दिवशी मेरी मातेचा मोठा सण असतो, तिनोस बेटावर यात्रा भरते आणि अथेन्सकर आपापल्या बेटांवरच्या गावी निघतात. गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांची जी अवस्था, तीच त्या आठवड्यात पिरेयसच्या बोटींची. ऑर्थोडॉक्स ईस्टरलाही अशीच गर्दी असते. तो एप्रिलमध्ये किंवा मेच्या सुरुवातीला येतो आणि बहुतेक वर्षी पाश्चात्त्य ईस्टरपेक्षा वेगळ्या तारखेला पडतो, म्हणून त्या वर्षीची तारीख पाहूनच बेत करा. १ मे रोजी तिथले खलाशी बऱ्याचदा संपावर असतात. त्या दिवसाचं बोटीचं तिकीट काढूच नका.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ऑक्टोबर संपता संपता वेगवान बोटी बहुतेक बंद होतात आणि लहान बेटांच्या फेऱ्या कमी होतात. मोठ्या बोटी वर्षभर चालतात, कारण बेटांवर दूध, औषधं, भाजी त्यांनीच पोचते. त्या दिवसांत एखादंच बेट निवडावं आणि उरलेला वेळ अथेन्स, डेल्फी, नाफ्प्लिओ अशा जमिनीवरच्या ठिकाणांना द्यावा.

मोठी बोट की वेगवान बोट?

तिकीट काढताना हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि बरेच जण फक्त वेळ बघून निर्णय घेतात. पिरेयस ते सँटोरिनी मोठ्या बोटीला साडेसात-आठ तास लागतात, वेगवान कॅटामरानला साधारण पाच. वेगवान बोटीचं तिकीट सहसा दीडपट ते दुप्पट महाग.

मोठ्या बोटीत अनेक मजले असतात. खाली ट्रक आणि मोटारी, वर बसायचे हॉल, उपाहारगृहं, आणि मोकळा डेक. हवं तेव्हा उठून फिरता येतं, मुलांना मोकळेपणा मिळतो, ज्येष्ठांना पाय लांब करून बसता येतं. वजन जास्त असल्याने ती लाटांवर कमी हलते. वेगवान बोटीत बहुधा विमानासारखी ठरलेली खुर्ची असते आणि बाहेर उभं राहायला जागा नसते किंवा अगदी थोडी असते. समुद्र शांत असेल तर प्रवास सुखाचा होतो. लाटा असतील तर ती चांगलीच आदळते, आणि पोटात ढवळू लागल्यावर मोकळ्या हवेत जायची सोय नसते. शिवाय वारा वाढला की आधी थांबवल्या जातात त्या वेगवान बोटीच.

म्हणून लांबच्या टप्प्याला मोठी बोट घ्या. वेगवान बोट दोन बेटांमधल्या तास-दोन तासांच्या टप्प्यासाठी ठेवा.

क्रीटला जायचं असेल तर रात्रीची बोट हा अस्सल आनंद आहे. पिरेयसहून रात्री निघालेली मोठी बोट पहाटे इराक्लिओन किंवा हानियाला पोचते. केबिन घेतली तर पलंग, पांढऱ्या चादरी, स्वतंत्र न्हाणीघर असं सगळं मिळतं, आणि हॉटेलची एक रात्र वाचते. चौघांचं कुटुंब असेल तर चार पलंगांची केबिन माणशी खर्चात परवडते.

तिकीट काढताना

उन्हाळ्याची वेळापत्रकं एकदम जाहीर होत नाहीत. वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांत टप्प्याटप्प्याने येतात. जानेवारीत जूनची बोट दिसली नाही, तर बोटच नाही असा समज करून घेऊ नका. मोठ्या कंपन्यांच्या फेऱ्या आधी दिसतात, बाकीच्या नंतर. फेरीहॉपरसारख्या ॲपवर सगळ्या कंपन्यांच्या बोटी एकत्र पाहता येतात. ब्लू स्टार, सीजेट्स वगैरे कंपन्यांची स्वतःची संकेतस्थळंही आहेत. मे-जूनसाठी महिना-दीड महिना आधी आणि जुलै-ऑगस्टसाठी त्याहून बरंच आधी तिकीट काढावं. केबिन आणि मोटारीची जागा सगळ्यात आधी संपते.

सगळ्यात स्वस्त तिकीट म्हणजे इकॉनॉमी किंवा डेक. त्यात खुर्चीचा नंबर नसतो, जिथे जागा मिळेल तिथे बसायचं. गर्दीच्या दिवसांत हॉलमधल्या खुर्च्या पटकन भरतात. थोडे युरो जास्त देऊन नंबर असलेली खुर्ची मिळते. लांबच्या प्रवासात, विशेषतः आई-वडील बरोबर असतील तर, तो खर्च जरूर करावा.

तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणेच हवं. बोटीवर नेमके कोण आणि किती प्रवासी आहेत याची यादी कंपनीला ठेवावी लागते आणि चढताना ओळखपत्र मागितलं जाऊ शकतं. बहुतेक कंपन्यांमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांना भाडं नसतं आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलांना अर्धं असतं. मात्र फुकट जाणाऱ्या बाळाचंही तिकीट काढावं लागतं, नाहीतर त्याचं नाव यादीत येणार नाही. सँटोरिनीचं अधिकृत नाव थिरा आहे. तिकिटावर किंवा बंदराच्या पाटीवर थिरा दिसलं तर गडबडून जाऊ नका.

आणि भाड्याच्या मोटारीचा मोह आवरा. भाड्याची गाडी बोटीवर न्यायला बहुतेक कंपन्यांची लेखी परवानगी लागते, आणि बोटीवर असताना तिचा विमा लागू होतो की नाही हे आधी विचारावं लागतं. त्यापेक्षा प्रत्येक बेटावर उतरल्यावर तिथलीच गाडी घेतलेली बरी. त्यासाठी भारतातून निघण्यापूर्वी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून ठेवा.

पिरेयसच्या बंदरावर

अथेन्सचं मुख्य बंदर पिरेयस. ऑक्टोबर २०२२ पासून विमानतळाहून निघणारी निळी मेट्रो थेट पिरेयसपर्यंत जाते. साधारण तासाभराचा प्रवास. रात्री-पहाटे मेट्रो बंद असते तेव्हा एक्स-९६ क्रमांकाची बस चोवीस तास चालते. मेट्रोत पाकीटमारांचा उपद्रव आहे. पासपोर्ट आणि पैसे अंगाजवळ ठेवा, आणि दारात गर्दी करून ढकलाढकल करणाऱ्यांपासून सावध राहा.

पिरेयस अवाढव्य आहे. त्याचे धक्के ई-१ ते ई-१२ अशा दारांनी ओळखले जातात. मेट्रो स्थानकाच्या समोर ई-६ आणि ई-७ येतात, आणि सायक्लेडीजच्या पुष्कळ बोटी त्याच भागातून सुटतात. रोड्स-कोसकडच्या बोटींचं ई-१ मात्र सामान घेऊन चालायला अर्धा तास तरी घेईल. त्या बाजूला बंदराच्या आत फुकट बस फिरते. कोणत्या दाराशी बोट लागणार हे तिकिटावर किंवा आदल्या दिवशी येणाऱ्या संदेशात असतं. ते वाचूनच मेट्रोतून बाहेर पडा, आणि बोट सुटायच्या तासभर आधी दाराशी असा. ग्रीक बोटी उशिरा येतात असं ऐकून निवांत राहू नका. पिरेयस हे पहिलं बंदर, तिथून त्या बहुतांशी वेळेवर सुटतात.

सकाळी सात-साडेसातची बोट असेल तर आदल्या रात्री अथेन्समध्ये किंवा पिरेयसमध्येच मुक्काम करा. भारतातून उतरल्या दिवशीच बोट गाठायचा बेत नको. विमानाला दोन तास उशीर झाला तरी सगळी साखळी तुटते. मिकोनोस, तिनोस किंवा अँद्रोसला जाणाऱ्यांनी रफिना बंदराचाही विचार करावा. ते विमानतळापासून जवळ आहे, विमानतळावरून तिथे थेट बस जाते, आणि बंदर लहान असल्याने गोंधळ कमी.

चढताना आणि उतरताना

बोट मागच्या बाजूने धक्क्याला लागते आणि तिचा भलामोठा रॅम्प खाली येतो. त्याच रॅम्पवरून ट्रक, मोटारी, दुचाकी आणि माणसं, सगळे एकत्र आत शिरतात. पहिल्यांदा पाहणारा घाबरतो. एका कडेने चाला, मुलांचे हात धरा, खलाशी हाताने दाखवतील तिकडे जा.

आत शिरल्यावर खालच्या मजल्यावरच सामानाचे रॅक असतात, त्यांवर बेटांची नावं लिहिलेली असतात. मोठी बॅग आपल्या बेटाच्या रॅकवर ठेवायची आणि जिन्याने वर जायचं. प्रवास सुरू असताना त्या मजल्यावर सहसा जाऊ देत नाहीत. म्हणून पासपोर्ट, पैसे, औषधं, मोबाइलचा चार्जर आणि एक पातळ जाकीट असलेली लहान पिशवी बरोबरच ठेवा. हॉलमधला एसी बोचरा असतो आणि डेकवर वारा.

उतरण्याची वेळ चढण्यापेक्षा महत्त्वाची. मधल्या बेटांवर बोट फार थोडा वेळ थांबते, कधी कधी जेमतेम पाच-दहा मिनिटं. आपलं बेट यायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी ग्रीक आणि इंग्रजीत सूचना होते. ती ऐकताच उठा, खाली जा, बॅग काढा आणि रॅम्पजवळ उभे राहा. किनारा दिसल्यावर उठू म्हणणारे पुढच्या बेटावर पोचू शकतात. डुलकी लागण्याची शक्यता असेल तर मोबाइलवर गजर लावा. आपली बोट कुठे आहे हे मरीन ट्रॅफिक या ॲपवर नकाशात दिसतं. चढायच्या दिवशी बोट मागच्या बेटाहून निघाली की नाही हेही त्यावरून कळतं.

सँटोरिनीला तुमची बोट अथिनिओस बंदरात लागते. फोटोंत दिसणारं गाढवांचं आणि रोपवेचं जुनं बंदर क्रूझच्या प्रवाशांचं. अथिनिओस उभ्या कड्याच्या पायथ्याशी आहे, रस्ता नागमोडी, आणि एकाच वेळी शेकडो माणसं उतरतात. बेटाच्या मुख्य गावाला, फिराला, जाणाऱ्या बस बोटींच्या वेळेला उभ्या असतात. ज्येष्ठ मंडळी असतील किंवा रात्री पोचत असाल, तर हॉटेलला सांगून गाडी आधी ठरवून ठेवा.

बोट लागू नये म्हणून

ज्यांना घाटात गाडी लागते त्यांना बोटही लागू शकते. बोटीच्या मध्यभागी, खालच्या हॉलमध्ये बसा. पुढच्या टोकाला आणि वरच्या मजल्यांवर हेलकावे जास्त जाणवतात. पुस्तक आणि मोबाइल बाजूला ठेवून क्षितिजाकडे पाहावं, शक्य असेल तर डेकवर जावं. पोट रिकामं नको आणि गच्चही नको. आल्याच्या वड्या किंवा सुंठ अनेकांना उपयोगी पडते. गोळी घ्यायची तर त्रास सुरू होण्याआधी, बोट सुटायच्या तास-अर्धा तास अगोदर घ्यावी; उलट्या सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. या गोळ्यांनी झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना त्या चालतीलच असं नाही. त्यामुळे आपल्या डॉक्टरांना विचारून त्या इथूनच न्या.

खाण्याची सोय बोटीवर असते. कॉफी, सँडविच, पालक घातलेला स्पानाकोपिता, चीजचा तिरोपिता हे शाकाहारींना चालणारे पदार्थ बहुतेक ठिकाणी मिळतात. स्पानाकोपित्यात कांदा असतो, हे न खाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. घरून न्यायचं तर चिवडा, चकल्या, खाकरा, बाकरवडी चालेल. पेढे, बर्फी, तूप, पनीर नेऊ नका : भारतातून युरोपीय संघात येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

आई-वडील बरोबर असतील तर

मोठ्या बोटींवर लिफ्ट किंवा सरकते जिने असतात, पण रॅम्प ते जिना एवढं अंतर चालावंच लागतं. चालायला मदत किंवा चाकाची खुर्ची हवी असेल तर युरोपीय संघाच्या नियमानुसार ती विनामूल्य मिळते. त्यासाठी किमान ४८ तास आधी कंपनीला कळवायचं आणि चढण्याच्या वेळेपूर्वी तासभर बंदरावर हजर राहायचं. ही मदत मागायला संकोच करू नये. ती उपकार म्हणून मिळत नाही, प्रवाशाचा तो हक्क आहे.

सामान माणशी एकच बॅग, आणि ती ज्याची त्याला दहा-बारा पायऱ्या उचलून नेता येईल एवढीच. बोटीवर विमानासारखं वजन करत नाहीत, म्हणून लोक दोन-दोन मोठ्या बॅगा घेऊन निघतात, आणि मग बेटांवरच्या दगडी गल्ल्यांत त्या ओढताना हैराण होतात.

वाऱ्याने बोट रद्द झाली तर

वाऱ्याचा जोर तिथे बोफर्ट या मोजमापात सांगतात. ६ बोफर्ट म्हणजे ताशी ३९ ते ४९ किलोमीटर, ८ म्हणजे ६२ ते ७४. वारा ८-९ बोफर्टच्या घरात गेला की बंदर अधिकारी मोठ्या बोटींनाही सुटायची मनाई करतात. लहान आणि वेगवान बोटी त्याआधीच थांबतात. २६ सप्टेंबर २००० रोजी पारोसजवळ एक्सप्रेस समिना ही बोट जोरदार वाऱ्यात खडकावर आपटून बुडाली आणि ८० हून अधिक माणसं गेली. बोट थांबवली म्हणून चिडण्याआधी हे आठवावं. प्रवासाच्या तीन-चार दिवस आधीपासून विंडीसारख्या ॲपवर वाऱ्याचा अंदाज पाहत राहिलात, तर जोर वाढण्यापूर्वीच एक दिवस अलीकडची बोट पकडता येते.

युरोपीय संघाच्या २०१० च्या नियमानुसार बोट रद्द झाली किंवा सुटायला ९० मिनिटांहून जास्त उशीर झाला, तर दोन पर्याय तुमचे : पुढच्या शक्य त्या बोटीने प्रवास किंवा भाड्याचे पैसे परत. पैसे सात दिवसांत मिळायला हवेत. पोचायला उशीर झाला तर भरपाईही मिळते. चार तासांपर्यंतच्या प्रवासात एक तासाचा उशीर किंवा चार ते आठ तासांच्या प्रवासात दोन तासांचा उशीर झाला, तर भाड्याच्या २५ टक्के. उशीर याच्या दुपटीहून जास्त झाला तर ५० टक्के. पण बोट सुरक्षित चालवणं धोक्याचं ठरेल असं हवामान हे कारण असेल, तर ही भरपाई मिळत नाही आणि अडकलेल्या रात्रीच्या हॉटेलचा खर्चही कंपनीवर नसतो. तो तुम्हालाच करावा लागतो. म्हणून प्रवास विमा घेताना, वैद्यकीय खर्चाबरोबर प्रवास खंडित होण्याचंही संरक्षण त्यात आहे का, हे वाचून घ्या. ग्रीससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, पण एवढ्याने बोट रद्द झाल्याचा खर्च निघत नाही.

बोट रद्द झाल्याचं कळलं की पहिला फोन पुढच्या हॉटेलला आणि दुसरा, आहात त्याच खोलीची मुदत वाढवण्यासाठी. मग तिकीट बदला. वारा पडल्यावर पहिल्या बोटीला झुंबड उडते. ॲपवर, कंपनीच्या दूरध्वनीवर आणि बंदरावरच्या तिकीट कचेरीत एकाच वेळी घरातल्या तिघांनी प्रयत्न केला तर जागा मिळण्याची शक्यता वाढते.

पलीकडच्या देशात जाण्यापूर्वी व्हिसा पाहा

कोसहून समोर तुर्कीचं बोद्रुम दिसतं, कॉर्फूहून अल्बेनियाचं सारांदा. बोटी रोज ये-जा करतात, तिकीट किरकोळ, आणि शेजारचे युरोपीय प्रवासी सहज जाऊन येतात. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी मात्र इथे थांबून आपला व्हिसा वाचावा. तुर्की आणि अल्बेनिया शेंगेनमध्ये नाहीत. व्हिसावर प्रवेशांच्या रकान्यात ०१ लिहिलं असेल, तर पलीकडे पाऊल ठेवताच तो संपला. संध्याकाळच्या बोटीने ग्रीसमध्ये परत येता येणार नाही, आणि सामान व परतीचं विमान दोन्ही अलीकडे राहतील.

तुर्कीसाठी वेगळा व्हिसा लागतो. वैध शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयांना तो ऑनलाइन काढता येतो. आधी वापरलेला आणि अनेक प्रवेशांचा वैध शेंगेन व्हिसा असेल तर अल्बेनियाचा वेगळा व्हिसा लागत नाही. हे नियम बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर खात्री करा. ग्रीसहून इटलीच्या बारी किंवा अँकोनाला जाणाऱ्या बोटींचा असा प्रश्न नाही, दोन्ही देश शेंगेनमध्येच आहेत. व्हिसाचा अर्ज करतानाच पलीकडे जायचा विचार असेल, तर अनेक प्रवेशांची मागणी करा आणि प्रवासाच्या आराखड्यात ते स्पष्ट दाखवा.

दहा दिवसांचा एक बेत

पहिले दोन दिवस अथेन्स : झोप भरून काढा, अ‍ॅक्रोपोलिस पाहा. तिसऱ्या दिवशी सकाळच्या मोठ्या बोटीने सँटोरिनी, तिथे तीन रात्री. सहाव्या दिवशी दोनेक तासांच्या बोटीने नॅक्सोस, तिथेही तीन रात्री. नॅक्सोसच्या बंदरात शिरताना अपोलोच्या अपूर्ण मंदिराचा संगमरवरी दरवाजा डेकवरून दिसतो, त्यासाठी वेळेत बाहेर या. नवव्या दिवशी नॅक्सोसहून पिरेयस. ती रात्र अथेन्समध्ये, आणि विमान दहाव्या दिवशी.

पैसे वाचवायचे असतील तर वेगवान बोटीचे वाचवा, समुद्र दिसणाऱ्या खोलीचे वाचवा, तिसऱ्या बेटाचे वाचवा. विमानाच्या आदल्या दिवशीची अथेन्समधली रात्र मात्र कापू नका. चौघांची परतीची विमानं बुडाली, तर ऐन मोसमात नवी तिकिटं काढायचा खर्च त्या एका रात्रीच्या कित्येक पट असतो. वारा सुटला नाही, तर अथेन्समध्ये आणखी एक संध्याकाळ मिळेल. आणि सुटला, तरी बेटावर एक दिवस जास्त राहायला मिळालं म्हणून मुलं खूश होतील, तुमचाही जीव टांगणीला लागणार नाही.